खोली क्रमांक सात

दुसरा मजला नको म्हटलं
तर कचकीनबाय समितीच्या टेबलावर पेन आपटून म्हणाला,
छपराला पैसा लागतो, जमीनही फुकट नाही,
मुलांचं वाचनालय आहे, जिना घाल, चढतील,
पोरांच्या पायांत काय शिसं भरलंय?

मी वाद घातला नाही.
डिसेंबरच्या बाविसाव्या दिवशी त्याला जागेवर बोलावलं,
ऐन मध्यान्हीला. उणे अठरा.
नारिन नदी अर्धी गोठलेली,
उरलेली अर्धी वाफाळत चाललेली.
तोक्तोसुन गवंड्यानं पॉपलरचा तीन मीटरचा वासा
दक्षिणेच्या कडेला बर्फात रोवला.
सावली पडली साडेसहा मीटर.
तिच्या टोकाशी राखेची रेघ ओढली.
मग दोन शिड्या एकीला एक बांधून उभ्या केल्या,
तर सावली माझा अख्खा चौक गिळून
समोरच्या, अजून न बांधलेल्या, भिंतीवर चढली.

राखेच्या पलीकडे, उन्हात,
एक भटकं कुत्रं येऊन पसरलं.
कचकीनबाय बोलतच होता,
सिमेंटचे भाव, मेव्हण्याच्या गावातली तीन मजली शाळा,
आणि बोलता बोलता
दोन पावलं सरकून कुत्र्याशेजारी उभा राहिला.
ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्या रात्री नकाशा पुन्हा काढायला बसले.
चारी बाजूंनी बसक्या खोल्या,
मध्ये बारा बाय बारा मीटर मोकळं.
बोळ नाही.
कुठेच बोळ नाही.
माझ्या शाळेत होता एक, हिरव्या ऑइलपेंटचा,
उशिरा आलेल्यांनी तिथे उभं राहायचं.
त्या भिंतीवरचे पोपडे मला अजून पाठ आहेत,
सतराचा पाढा नाही.

इथे एका खोलीतून दुसरीत जायचं तर पडवीतून,
चौकाला वळसा घालून. रुसून बाहेर पडलेलं पोर
कुठल्या ना कुठल्या खिडकीला दिसणारच.
खिडक्यांची उंची मी गुडघ्यांवर चालून ठरवली.
कोटांच्या खुंट्या चुकल्या;
त्या बहुतेक उभ्यानं काढल्या असणार.

नुरजामाल, शेजारच्या दवाखान्यात झाडलोट करणारी,
चहाचा पेला घेऊन नकाशाभोवती दोनदा फिरली.
छान आहे, म्हणाली.
बर्फ कुठून बाहेर काढू?

चारी बाजू बंद.
आभाळ पाच महिने ओतत राहणार
आणि मी दार ठेवलं होतं एका माणसापुरतं.
परदेशी जाऊन शिकून आलेली मी,
याच गावात फावड्यानं हात सोलवटून घेतलेली.
मुकाट्यानं खोडरबर घेतला.
पूर्वेचा कोपरा फोडला, घसरगाडी जाईल एवढा,
आणि चौक दिसायला लागला
दुधाचा दात पडलेल्या तोंडासारखा.

फटीतून वारा शिरेल, तोक्तोसुन म्हणाला,
आडवी भिंत घालू, छातीएवढी.
कुणाच्या छातीएवढी? मी विचारलं,
मला आता सवयच लागली होती.
तो थोडा वेळ ओळंब्याची दोरी गुंडाळत राहिला.
आपल्या, म्हणाला.
वारा काही लहान नसतो.

बिश्केकहून फाइल परत आली.
खोली क्रमांक सात: वापर नमूद नाही.
सात म्हणजे चौक.
रकान्यात जागा बोटभर.
खेळ लिहावं तर खेळाचा परवाना वेगळा,
ऊन लिहावं तर हसतील.
मी लिहिलं,
बर्फ साठवणे, नोव्हेंबर ते मार्च.

शिक्का बसला.
उरलेल्या सात महिन्यांबद्दल
अजून कुणी काही विचारलेलं नाही.